मालकीणबाईंची सीट

मी एक जुना ट्रक आहे. मित्रांनो, ट्रक म्हटल्यावर लगेच बाजूला सरकू नका. माझी लांबी एक वीत आणि वर दोन बोटे. डिझेलचा वास मला माहीत नाही, आणि उभ्या आयुष्यात एकदाच घराबाहेर पडलो, बाकी जेवणाच्या टेबलावरून कपाटावर एवढाच काय तो माझा प्रवास. तरीही मी जुनाच, कारण मी मुद्दाम जुना घडवलेला आहे. नव्याकोऱ्या पत्र्यावर हातोडीने पोचा पाडणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. त्याने तो माझ्याच मडगार्डला पाडला.

त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी सव्वीस वर्षे एकच ट्रक चालवला. तो भंगारात निघाला, तेव्हा उस्तादांनी त्यातून हिरव्या रेक्झिनचा एक तुकडा तेवढा कापून आणला. तो ड्रायव्हरशेजारच्या सीटचा होता. लग्नानंतर तीन वर्षे, मुलगी होईपर्यंत, त्यांची बायको त्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर फिरली. आधी तिथे नुसती फळी होती, गादी तिच्यासाठी बसवली. बाकीचे ड्रायव्हर तिला चिडवून मालकीणबाई म्हणत. मीही तेच म्हणतो.

म्हातारपणी उस्ताद विसरू लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग स्वतःची गल्ली. हे वाढत जाणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घरी येऊन उस्तादांनी तेलाचा रिकामा डबा कात्रीने उभा कापला.

"डोक्यात आहे तोवर करून ठेवतो," ते म्हणाले. तो माझा जन्मदिवस.

एका फुटाला अर्धा इंच, हे माझे प्रमाण. मूळ ट्रकचा नकाशा नव्हता, फोटो एकच होता आणि तोही मागून काढलेला. मग मापे आणायची कुठून? उस्ताद स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत, डोळे मिटून हवेत स्टिअरिंग धरत, आणि मालकीणबाई शिवणाच्या टेपने छातीपासून मुठीपर्यंतचे अंतर मोजत.

"यातले दोन इंच वजा करा," त्या म्हणत. "तेव्हा एवढं पोट नव्हतं."

"पोट नव्हतं, पण ऐट होती की! छाती काढून बसायचो. राहू दे दोन इंच."

माझे आस सायकलच्या तारांचे आहेत आणि टायर जुन्या चपलेच्या रबराचे. बॉनेटवर रिव्हेट म्हणून टाचण्यांची एकशे बारा डोकी बसवली आहेत. ती मोजताना उस्ताद तीनदा चुकले आणि तिन्ही वेळा पहिल्यापासून मोजली.

मालकीणबाईंची सीट त्यांनी पहिल्याच महिन्यात केली. पत्र्याची चौकट, आत कापूस, वर तो हिरवा रेक्झिन. खऱ्या ट्रकचा म्हणून तेवढाच एक तुकडा माझ्या अंगाला लागणार होता. तिच्यासाठी केबिनच्या तळाला चार भोके पाडली, आणि सीट काडेपेटीत ठेवून दिली. ट्रकची बॉडी बांधतात त्या गॅरेजांत रीतच आहे की आगीचे, म्हणजे पत्र्याचे सांधे तापवून झाळायचे काम आधी आणि कापडाचे मागून. ठिणगी उडाली की सीट जळते. ड्रायव्हरची सीट लाकडात कोरलेली, म्हणून ती आधीच बसली.

"सगळी झाळ देऊन झाली की हिला बसवू," उस्ताद म्हणाले. "दारं काही उघडायची नाहीत, म्हणून छप्पर तेवढं स्क्रूवर ठेवतो."

मालकीणबाई हसल्या. त्यांनाही घाई नव्हती.

दुसऱ्या वर्षी पत्रा घासायची कानस पिठाच्या डब्यात सापडू लागली. एका दुपारी मालकीणबाई दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. उस्तादांनी मला उचलले, छप्पर हलवून पाहिले आणि पुटपुटले, "हे राहिलंच की." मग काचांना धग लागू नये म्हणून ओले फडके गुंडाळले आणि चारही बाजूंनी छप्पर झाळून टाकले. मित्रांनो, माझ्या अंगावरची ती सगळ्यात सुबक झाळ आहे. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

पुढच्या रविवारी चार जुने ड्रायव्हर मला पाहायला आले. काय ते कौतुक! एक जण गुडघे टेकून म्हणाला, "अरे, हा पोचा तर माझ्यासमोर पडलेला!" मी हुरळून गेलो. मग त्याने काचेला डोळा लावला.

"उस्ताद, मालकीणबाईंना कुठं उतरवलंत?"

उस्तादांनी हसत खिशातून काडेपेटी काढली आणि माझे छप्पर उचलले. छपराबरोबर मी अख्खा हवेत गेलो. त्यांनी मला खाली ठेवून पुन्हा उचलले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी झाळेवरून बोट फिरवले.

"मीच केलं हे?"

"कुणी का केलं असेना," मालकीणबाई म्हणाल्या. "सुरेख झालाय."

त्या दुपारी उस्तादांना सीट कुणाची ते नीट आठवत होते, हेच वाईट झाले. चौघांसमोर ते लहान मुलासारखे रडले.

छप्पर उघडून घ्यायला मुलीने मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. तो म्हणाला, चारही बाजू एकदम तापवाव्या लागतील, काचा तडकतील, खांब वाकतील. मुलगी तरीही तयार होती.

"नको गं," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणी बसवून काय उपयोग?"

उस्ताद मात्र रोज म्हणत, "उद्या उघडतो." मग तेही म्हणेनासे झाले. एका सकाळी त्यांना खिशात काडेपेटी लागली. उघडून त्यांनी बराच वेळ आत पाहिले.

"बाई, ही सीट कुणाची हो?" त्यांनी बायकोला विचारले.

"तुमच्या शेजारी बसायची ना, तिची."

"असं?" ते विचारात पडले. "मग ती कुठं उतरली?"

मालकीणबाईंनी काडेपेटी बंद केली आणि चहा निवतोय म्हणून सांगितले.

उस्ताद जाऊन आता दोन वर्षे झाली. मी कपाटावर असतो. माझा एक टायर गळून पडला आहे, आणि मालकीणबाई मला पुसत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पुसायला घेतले की आत दिसते.

मित्रांनो, मला पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काही होण्यासारखे उरलेले नाही. पण तुमच्या घरी कुणी काही घडवत असेल आणि त्यात कुणासाठी जागा ठेवलेली असेल, तर ठिणगीला भिऊ नका. सीट थोडी जळली तरी चालेल. ज्याची जागा त्याला आधी बसवा, छप्पर मागून घाला. माझ्या तळाची चार भोके अजून रिकामीच आहेत.