अमालियो केळीत राहिला

"म्हातारे, दार सोड. आज त्याला उचलायचाच," ओक्तावियो अंगणातनं ओरडला. हा आमच्या गावचा विहता. साऱ्यांचे तंटे मिटवतो, स्वतःच्या बायकोपुढं मात्र तोंड उघडत नाही. त्याच्यामागं सुकिया, आमचा मांत्रिक, पांढरं फडकं घेऊन उभा.

"उचल की. आधी मला तुडवून जा," मी म्हणाले.

माझा नवरा अमालियो नदीवरच्या आमच्या केळीच्या बागेत गोळी लागून पडला. जंगल कापत आलेल्या उपऱ्यांनी घातली. रान गावाचं, असा शिक्का आमच्या मुलखाच्या स्वायत्त सरकारनं मारून दिलाय. उपऱ्यांनी त्यावर थुंकून खुंट ठोकले. अमालियोला गावात पुरला, पण त्याचा जीव, आम्ही इसिंग्नी म्हणतो तो, केळीतच राहिला. असा जीव काजव्याच्या रूपात येतो. सुकिया त्याला फडक्यात धरून थडग्यापाशी नेतो, तेव्हा कुठं तो निवतो. मी नेऊ दिला नव्हता. तो तिथं होता म्हणून तर रान आमचं होतं. वारा नसताना पानं सळसळायची. उपऱ्यांची खेचरं ओढ्याअलीकडं पाऊल टाकेनात. जिवंतपणी दारातली कोंबडी हाकलली नाही त्यानं, मेल्यावर चांगला राखणदार निघाला.

तेवढ्यात माझी लेक एर्लिंडा आतनं आली.

"आये, मेर्नाचं अंग भट्टीवानी तापलंय. झोपंत आज्ज्याशी बोलती. 'थांब, आले,' म्हणती."

"तुझा बाप नातीला न्हाई न्यायचा."

"एकटा पडलाय गं तो. एकटं माणूस काय बी करतंय."

मी आत गेले. पोर दोन दिवस अंथरुणातनं उठली नव्हती, तरी तिच्या तळव्यांना ओला चिखल होता. हाताला केळीच्या चिकाचा वास.

मी बाहेर येऊन म्हणाले, "नाव पाण्यात लोटा."

तिन्हीसांजेला केळीत पोचलो. सुकिया गुणगुणायला लागला. पानांतनं एक उजेड खाली आला आणि फडक्याकडं न जाता माझ्या मनगटावर बसला. गार, नदीच्या तळासारखा.

"लई राखलंस बाबा," मी म्हणाले. "आता पोरीचा हात सोड."

तो उठून फडक्यात शिरला. सळसळ थांबली. लगेच ओढ्याच्या पाण्यात खेचराच्या टापा वाजल्या.

"चल म्हातारे, बस नावेत!" ओक्तावियो घाबरला.

"तुम्ही जावा. त्याला नीट पोचवा."

"आणि तू?"

"रान मोकळं ठेवू व्हय? तुझा कोयता दे हिकडं. आन् ऐक, मी हितं मेले तर मला उचलायला कुणी यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नावेतनं कसाव्याचे कंद आले आणि निरोप: पोर उठून बसलीय, खायला मागतेय.

तेव्हापासनं मी इथंच आहे. उपरे येतात, ओढ्यापाशी थांबून बघतात. केस मोकळे सोडून मी केळीतनं हिंडत असते, हाकेला ओ देत नाही. मी जिवंत आहे की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही. मीही सांगत नाही.