लॅपटॉपात उतरलेले तम्मण्णा आप्पा

वडगावात जयाबाईंच्या दारापुढं चपलांचा ढीग पडला होता. आत जागा नव्हती म्हणून माणसं खिडकीच्या गजांना लोंबकळून ऐकत होती. आजूबाजूचे कापडाचे मागसुद्धा लोकांनी बंद ठेवले होते. कारण दोन वर्षांपूर्वी वारलेले त्यांचे यजमान तम्मण्णा आप्पा सुनेच्या लॅपटॉपातून भजन म्हणत होते.

सून मंगल हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायची. भजनस्पर्धेला पाठवायचं म्हणून तिनं रेकॉर्डिंगचं नवं यंत्र आणून सासूबाईंचं गाणं टिपलं होतं. जयाबाईंनी भजन म्हटलं आपल्या बारीक, गोड आवाजात. लॅपटॉपातून निघाला तो मात्र खर्जातला, रेंगाळणारा पुरुषी आवाज. मधूनमधून टक् टक् असंही वाजायचं.

"ह्ये आमचंच मालक," जयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "असंच सावकाश म्हणायचं. आन् ती टकटक त्यांच्या मागाची, मंगल."

"आत्ती, काहीतरी सेटिंग बिघडलंय. जरा बघू तरी दे मला," मंगल सासूला म्हणाली.

पण तिला बघू देतंय कोण? तेवढ्यात बोरगावचे भरमा महाराज हजर झाले. त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. निम्मी हळद बटणांच्या फटीत गेली. मग पडद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"पूर्वी आत्मे पिंपळावर राहायचे," महाराज बोलू लागले. "रस्ते रुंद झाले, पिंपळ गेले. बिचाऱ्यांनी जायचं कुठं? मेमरीत. आप्पांना आठ जीबी पुरेनासं झालंय. टकटक करून दार वाजवतायत."

"मग करायचं काय म्हाराज?" शेजारच्या विक्रमनं विचारलं. भजनाला तबला त्यानंच धरला होता.

"लॅपटॉप उद्या माझ्या मठात. आणि जयाआक्कांनी आजपासून गायचं नाही. एका गळ्यात दोन जीव मावत नाहीत. आक्का गायल्या की आप्पांचा श्वास कोंडतो."

जयाबाईंनी बाजाची पेटी मिटली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्यांच्या तोंडून एक ओळ निघाली नाही. लग्न होऊन आल्यापासून मंगलनं या चुलीपुढं गाणं नाही असं कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सोसवेना.

तिनं कानाला हेडफोन लावून गाणं पुन्हा ऐकलं. तबला विहिरीतून वाजल्यासारखा येत होता. म्हणजे तबल्यातही आप्पा? पण तबला वाजवणारा विक्रम तर धडधाकट, तिच्यासमोर चहात बटरबिस्कीट बुडवत बसला होता. आणि गाणंही दुप्पट लांबलं होतं. आता तिनं सेटिंग उघडलं. रेकॉर्ड करताना यंत्रानं एका सेकंदाच्या आवाजाचे शहाण्णव हजार तुकडे केले होते. वाजवताना ते सेकंदाला अठ्ठेचाळीस हजारच बाहेर टाकत होतं. बरोबर निम्मे. म्हणून गाणं दुप्पट लांबलं आणि आवाज खाली उतरला.

मंगल गालात हसली, पण सेटिंगला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज कापडी पिशवी घेऊन आले. मागोमाग गर्दी आलीच.

"न्या की महाराज," मंगल म्हणाली. "फक्त आप्पांना तेवढी आज्ञा करा. इथं, माईकपुढं."

महाराजांनी घसा खाकरला. "हे तम्मण्णा, मार्ग मोकळा कर."

मंगलनं ते वाजवलं. डबक्यात बसलेली म्हैस बोलावी तसं ऐकू आलं, "हेऽऽ तऽम्मऽऽण्णाऽऽ". विक्रमनं लगेच काखेत धरून एक कोंबडी आणली. तिचंही रेकॉर्डिंग झालं. कोंबडी म्हाताऱ्यासारखी कण्हली.

"म्हंजे आप्पा म्हाराजांत बी शिरलं आन् कोंबडीत बी?" विक्रमनं विचारलं.

"त्यांचा संचार मोठा आहे," महाराज म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

मंगलनं दोन्ही आकडे सारखे केले आणि तेच पुन्हा लावलं. आता महाराज महाराजांसारखे बोलले, कोंबडी कोंबडीसारखी. मग जयाबाईंचं भजन लावलं. घरभर त्यांचाच आवाज पसरला. टकटक मात्र तशीच होती.

"ती टकटक?" खिडकीतून कुणीतरी विचारलं.

"लॅपटॉप आवाज घोटाघोटानं पितो," मंगल म्हणाली. "मी घोट फार लहान ठेवला होता, वर दहा कामं एकदम चालू. घोट चुकला की टक्. आता घोट मोठा केलाय, बाकीचं बंद केलंय. पण चुकलेलं रेकॉर्डिंगमध्येच गेलंय. आत्ती, परत म्हणावं लागंल."

जयाबाई लॅपटॉपाकडं बघत राहिल्या. "म्हंजे ह्यात त्ये न्हाईत."

"न्हाईत, आत्ती."

त्यांनी पदरानं बटणांवरची हळद पुसली. महाराजांना बोरगावची गाडी आठवली आणि रिकामी पिशवी घेऊन ते गेले. मग जयाबाईंनी पेटी पुढं ओढली. "विक्रम, तबला घे. मागल्या खेपेला लई चुकवलंतास."

भजन झालं. एकही टक् नाही. ऐकून जयाबाई म्हणाल्या, "वरच्या सुराला जरा चिरकतो की गं आवाज. आणखी एकदा घे."

यंत्र आहे, ते चुकणारच. आपलं माणूस आठवलं की मन हळवं होतं, त्यातही लाज नाही. पण आवाज बदलला तर आधी सेटिंग बघावं, कळलं नाही तर जाणत्याला विचारावं. आणि ज्याचं उत्तर कायम आपली वस्तू त्याच्या मठात नेऊन ठेवतं, त्याला दारातच दोन प्रश्न जास्त विचारावेत.