उभा फिरलो, आडवाही फिरलो

मी एक जुना पट्टेरी डबा आहे. हसू नका मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात माझा एके काळी मोठा रुबाब होता!

माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. बिस्किटे संपल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला पांढरा कागद गुंडाळला. त्यांच्या बायकोने काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून माझ्या अंगावर उभ्या चिकटवल्या. एक पट्टी जरा वाकडी बसली. "राहू दे, कोण बघतंय!" असे त्या म्हणाल्या. पुढे हजारो लोकांनी ती पाहिली. मग डॉक्टरांनी माझ्या पोटातून लोखंडी सळई घातली, खाली लाकडी मूठ बसवली आणि बोटाने हलकेच ढकलले. मी कुरकुरत फिरू लागलो.

माझे काम सोपे होते, फक्त फिरायचे. समोर बसलेल्याचे डोळे आपोआप एका पट्टीच्या मागे जात. ती नाहीशी झाली की टचकन मागे येऊन दुसरी पकडत. डोळे मुद्दाम तसे करत नसतात. ज्याला दिसते, त्याला ते सहसा थांबवताही येत नाही. मोठे डॉक्टर सांगत, "नुसता डोळा बघत नाही, मेंदूही बघतो. तिथे डावीकडे जाणारी गोष्ट ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, उजवीकडची ओळखणाऱ्या वेगळ्या, वर-खालीवाल्या आणखी वेगळ्या. प्रत्येकीला आपापली दिशा प्यारी." मला हे फार आवडे. मी नुसता गोल फिरत होतो. मी कुठल्या बाजूला चाललो आहे, हे समोरच्याचे डोकेच ठरवत होते.

मुले मला मिनिटभर टक लावून पाहत आणि मग भिंतीकडे बघून ओरडत, "भिंत उलटी सरकतेय!" भिंत बिचारी जागच्या जागी असे. एकदा कचेरीतले एक गृहस्थ आले. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, लांब रजेसाठी तसे लिहून द्या, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांचा चांगला डोळा झाकला आणि मला फिरवले. आंधळा डोळा पट्ट्यांमागे असा धावू लागला की विचारू नका! गृहस्थ रागारागाने निघून गेले. मीही त्यांना पुन्हा बोलावले नाही.

पण दिवस सारखे राहत नाहीत. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तरुण डॉक्टरबाई आल्या. पाठोपाठ पडद्याचे नवे यंत्र आले. माझी रवानगी कपाटावर झाली. शेजारी जुनी कॅलेंडरे आणि एक पाल. पालीला माझ्या पट्ट्यांचे काडीचेही कौतुक नव्हते. मी रुसलो, पण रुसलेल्या डब्याची समजूत कोण काढणार?

मग एका सकाळी एक आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. सोबत तिचे वडील होते. बाळ कुणाकडेच बघत नव्हते.

"आमच्या घराण्यात सगळेच जरा निवांत," आजोबा म्हणाले. "हिची आई तर लग्नातसुद्धा माझ्याकडे बघत नव्हती."

"बाबा, पुरे," आई म्हणाली. मग तिने डॉक्टरबाईंना विचारले, "डॉक्टर, खरं सांगा. त्याला दिसतंय ना?"

डॉक्टरबाईंनी बॅटरीने तपासले. डोळे आतून निरोगी वाटत होते. पण खुळखुळा हलवला, किल्ल्या हलवल्या, तरी बाळाची नजर त्यांच्यामागे जाईना. नव्या यंत्राला हनुवटी टेकवावी लागते, ती एवढेसे बाळ कशी टेकवणार?

"मावशी, तो पट्ट्यांचा डबा काढा बरं खाली."

मावशी दवाखान्यात केर काढत, रुग्णांना हाक मारत आणि सगळ्यांवर लक्ष ठेवत. त्यांनी मला पदराने पुसले. डॉक्टरबाईंनी मला बाळापुढे धरून उजवीकडे फिरवले. बाळाची नजर एका कडेला गेली आणि तिथेच बसली. डावीकडे फिरवले, तर दुसऱ्या कडेला तेच. पुढची पट्टी पकडायला ती परत येईना. आईने ओठ घट्ट मिटले. मला इतके वाईट वाटले की आपण बिस्किटांचाच डबा राहिलो असतो तर बरे, असे वाटले.

डॉक्टरबाई मला खाली ठेवणार, तोच मावशी पुढे आल्या.

"मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेते, पण मोठे डॉक्टर याला आडवापण फिरवायचे. मी बघितलंय."

डॉक्टरबाई थबकल्या. त्यांनी मला आडवे धरले आणि बोटाने हळूच ढकलले. आता माझ्या पट्ट्या वरून खाली उतरू लागल्या.

बाळाचे डोळे पट्टीबरोबर खाली आले आणि टचकन वर गेले. पुन्हा खाली, पुन्हा वर! माझ्या वाकड्या पट्टीमागेसुद्धा!

"दिसतंय!" डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्याच. "अहो, दिसणं वेगळं आणि डोळे वळवणं वेगळं. याचे डोळे वर-खाली छान वळतात, आडवे झटकन वळवायला मात्र अडतात. कारण शोधायला आणखी तपासण्या करू. पण अशी मुलं पुढे मान वळवून बघायला शिकतात."

"तरी मी म्हणत होतो!" आजोबा म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ.

आई बाळाच्या पुढ्यात खाली बसली आणि सावकाश उठू लागली. तिचा चेहरा वर येत गेला, तशी बाळाची नजरही वर येत गेली. दोघांचे डोळे समोरासमोर आले तेव्हा ते बोळके तोंड हसले. चार महिन्यांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे बघून हसले होते.

आता मी टेबलावर असतो. मावशी सळईला तेलाचा थेंब देतात, म्हणून कुरकुर कमी झाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंनाही असे अधूनमधून पुसत जा. आणि एक मागणे आहे. कुणी तुमच्याकडे बघत नसेल, तर त्याला दिसतच नाही असे ठरवून निघून जाऊ नका. जरा बाजू बदलून त्याच्यासमोर पुन्हा या. कदाचित तो कधीपासून तुमचीच वाट बघत असेल.