ऐनाच्या झाडावरचा विळा

आत्माराम चुरी यांची नोकरी अशी होती, की कागदावर काहीच उमटलं नाही तर शाबासकी मिळायची.

१९८६च्या जानेवारीत मुंबईच्या एका संस्थेनं त्यांना पालघर तालुक्यात शांत जागा शोधायला पाठवलं. शांत म्हणजे माणसाच्या कानाला नव्हे, स्क्विड नावाच्या उपकरणाला. द्रव हेलियमच्या थर्मासात, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांत बसून ते चुंबकत्वातली बारीकशी थरथरही टिपायचं. त्याची स्वतःची कुरकुर किती, हे उघड्या माळावर मोजायचं होतं. त्यासाठी बाकीच्या जगानं सलग तीन तास गप्प बसणं गरजेचं होतं. केळव्याला मुंबईकरांच्या मोटारी आल्या. सालवडला कारखान्यांची पाळी सुटली. वैतरण्याला विजेची गाडी गेली आणि आलेख काढणारं पेन कागद सोडून बाहेर पडलं.

शेवटी मनोरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक माळ सापडला. इथं तीन तासांची सरळ रेघ मिळाली तर कायमचं केंद्र होणार होतं आणि चुरींना दोन वर्षांची मुदतवाढ. नाही मिळाली तर मार्चअखेर निवृत्ती, आणि केळव्याचं घर. पत्नी विजयाबाई गेल्यापासून त्या घराचं दार आतून उघडणारं कोणी नव्हतं.

चुरींनी थर्मासाभोवती चुन्याची मोठी गोल रेघ मारली. आत लोखंड बंद. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, खिळ्यांच्या चपला, सगळं रेघेबाहेर. मग रेघेच्या काठावर, एका ऐनाच्या झाडाच्या सावलीत, पेनाशेजारी चटई टाकून ते अनवाणी बसले.

जवळच्या पाड्यावरच्या लोकांना दिसलं ते असं : चुन्याचं रिंगण, मधे मडकं, मडक्यातून पांढरा धूर, आणि अंगावरचं सगळं लोखंड काढून राखणीला बसलेला एक म्हातारा. त्यांनी काढायचा तो निष्कर्ष काढला आणि यायचं बंद केलं. आठ दिवस चुरी पेनाशीच बोलत होते. “नीट चाल रे बाबा,” म्हणायचे. सकाळी ते ऐकायचंही.

येत होता तो फक्त म्हातारा मंगळ्या. कमरेचा कोयता रेघेबाहेरच्या दगडावर ठेवायचा आणि लांबच उकिडवा बसायचा.

“सायेब, त्यो बाहेर कवा येल?”

“कोण?”

“मडक्यातला.”

“त्यात नुसती थंडी आहे, मंगळ्या.”

“थंडीला कोन राखत बसतं?”

हाच प्रश्न संस्थेच्या हिशेबनिसानंही विचारला होता.

उपकरण स्थिरावायला रोज अकरा वाजायचे, आणि बाराला समुद्राकडून वारा सुटला, की पेन पाळण्यासारखं झोके घेऊ लागायचं. चुरींनी तारा तपासल्या, थर्मासाला वाळूच्या गोणी लावल्या, शेवटी सदऱ्याच्या बटणांवर संशय घेऊन सदराही काढला. झोके चालूच.

नवव्या दिवशी संध्याकाळपुरतंच हेलियम उरलं. बाराला पेन पुन्हा झुललं. चुरी हताश होऊन चटईवर उताणे पडले, तर वर ऐनाच्या फांदीला वेलीनं बांधलेला एक गंजका विळा झुलत होता. अगदी पेनाच्या तालात.

“मंगळ्या, हे कोणी टांगलं?”

“मीच. पयल्याच दिशी. तू येडा हायस. भुताजवल लोखंड नाय घेता कोन बसतं? तुला रडाला तरी कोन हाय?”

चुरींनी सदरा घातला. बटणं लावायला त्यांना जरा वेळ लागला.

“काढावा लागेल रे. नाहीतर माझी नोकरी जाईल.”

“आन काडल्यावर त्यानं तुला खाल्ला तर?”

“तरी जाईल.”

मंगळ्यानं विचार केला. झाडावर चढून विळा उतरवला, कोयत्याशेजारी दगडावर ठेवला आणि येऊन चटईवर चुरींना खेटून बसला.

“मंग मी बसतो. दोगांना एकदम नाय खात त्यो.”

तीन तास कोणी हललं नाही, बोललं नाही. पेन सरळ चालत राहिलं.

अहवालात ‘मोजणीवेळी जवळपास माणसे’ असा रकाना होता. चुरींनी ‘दोन’ लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून ‘शून्य’ केलं. माणसं असताना अशी रेघ येणं शक्य नव्हतं.

केंद्र मंजूर झालं, मुदतवाढही मिळाली. आणि पावसाआधी, जागेच्या सुरक्षिततेसाठी, रेघेभोवती लोखंडी काटेरी तारेचं कुंपण आलं. चुरींनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, की कुंपण रीतसर मंजूर आहे.

मंगळ्या कुंपण बघायला आला. पूर्ण फेरी मारली, तारा कोयत्यानं वाजवून पाहिल्या. चेहरा अगदी निर्धास्त झाला.

“आता बरा झाला! चारी बाजूनी लोखंड. आता माजी गरज नाय.”

“अरे, पण बसायला तरी येत जा.”

“कशाला? आता तुला कोन खातं?” असं म्हणून त्यानं कोयता कमरेला अडकवला आणि गेला.

तेव्हापासून रोज बाराला वारा सुटायचा, कुंपणाच्या तारा थरथरायच्या आणि पेन झोके घ्यायचं. चुरींनी तिसरं पत्र लिहिलं नाही. नियमाविरुद्ध फाटक उघडं टाकून ते बाहेरच्या दगडाकडे बघत बसायचे. दगडावर अजून तो गंजका विळा होता. मंगळ्या न्यायला विसरला होता. चुरींनीही तो हलवला नाही. विळा न्यायला का होईना, कोणीतरी येईल.