दाराला टेकवलेला खराटा

ऐलाचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दाराला खराटा तिरका टेकवलेला होता.

बर्चच्या काटक्यांचा, झिजून अर्धा झालेला खराटा. अल्लीसारी बेटावर कुलूप कोणी लावत नाही. घरातून निघताना दाराला खराटा टेकवायचा, बस्स. खराटा आहे म्हणजे घरी कोणी नाही, आणि घरी कोणी नसताना दार उघडायचं नाही. सख्खा भाऊ आला तरी नाही. ऐला सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत याच घरात वाढली होती. तुर्कू शहरात जाऊन तीस वर्षं झाली, तरी हात आपसूक मागे आला.

"आत्या!" तिने अंगणातूनच हाक मारली. "लेम्पीआत्या!"

उत्तर आलं नाही. खाली धक्क्याला आत्याची होडी बांधलेली दिसत होती. म्हणजे म्हातारी कोणाच्या तरी होडीतून गेली असणार, कबरस्तानात नाहीतर जाळी बघायला. ऐला पायरीवर बसली. उठली. विहिरीपर्यंत गेली, परत आली. जूनचं ऊन अंगणभर पसरलं होतं आणि तिला दर पाच मिनिटांनी घड्याळ बघावंसं वाटत होतं. तुर्कूच्या बस डेपोत ती वेळापत्रकं बनवायची. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. इथे कशाचीच वेळ ठरलेली नव्हती, एक परतीची बोट सोडून.

तिच्या पिशवीत वृद्धाश्रमाचे कागद होते. तीन वाजता ते तिने पायरीवर दगडाखाली ठेवले आणि ती धक्क्याकडे निघाली.

बोट चालवणारा ओस्सी तिचा लहानपणीचा सवंगडी. दोर सोडता सोडता त्याने भुवया उडवल्या.

"काय गं, एवढ्यात? कॉफीसुद्धा नाही मिळाली?"

"खराटा होता."

"अच्छा." ओस्सीने टेकाडावरच्या घराकडे एकदा पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "खराटा असला की मग काय, बोलणंच खुंटलं."

सगळ्या वाटेवर तो उगाचच शीळ वाजवत राहिला.

---

सप्टेंबरात आत्या पडली. माळ्यावरून कांदे उतरवताना शिडी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. अर्धा दिवस ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडून होती. दुपारपर्यंत धुराड्यातून धूर निघाला नाही म्हणून पलीकडचा विल्हो बघायला आला, तेव्हा कळलं. हिवाळ्यात बेटावर पाचच घरं जागी असतात. लोक एकमेकांचा धूर बघूनच दिवस सुरू करतात.

आत्याला इस्पितळातून घरी आणल्यावर ऐला ऑक्टोबरात आली. समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता, वारा दाराच्या फटीतून शिट्या मारत होता. आत्या खिडकीपाशी खुर्चीत, पायावर घोंगडी. विल्हो धुरावलेला मासा घेऊन आला होता, पंचाहत्तरीचा, तोंडाने सैल.

"पोरी, या खेपेला बरं घेतलं हिनं तुला घरात," तो हसत ऐलाला म्हणाला. "उन्हाळ्यात तर पायरीवर बसवून ठेवलं होतंन. मी आपला मागच्या दारानं जाळं मागायला आलो, तर ही बया पडद्याआड उभी. मला म्हणते, 'शू!'"

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की विल्होला एकदम घरची शेगडी आठवली. मासा टेबलावर ठेवून तो गेला.

ऐलाने माशाचा कागद सोडला, परत गुंडाळला.

"तू घरात होतीस?"

"होते."

"मी चार तास प्रवास करून आले होते, आत्या! दोन बस, एक बोट. आणि तू आतून बघत बसलीस?"

"हो."

"का? मी काय केलं होतं तुझं?"

आत्याने घोंगडी नीट केली. चाळीस वर्षं तिने या बेटांवर टपाल वाटलं होतं आणि ती शब्दही पाकिटं मोजावीत तसे मोजून द्यायची.

"तू कोट काढत नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"इथं येतेस तेव्हा. बघ, आत्तासुद्धा. तू येतेस ती जायच्या तयारीनं येतेस. मग मी कप भरते, तू घड्याळ बघतेस. बोट सुटली की दोन दिवस मला घर खायला उठतं. त्या दिवशी तू धक्क्यावर उतरताना दिसलीस, हातात कागदांची पिशवी. मला वाटलं, आज नको. आज घरी नसू दे मी."

ऐलाच्या अंगात कोट होता. मानेपर्यंत बटणं लावलेली. आता काढावा तर लाज, न काढावा तर त्याहून लाज. ती रागाने लाल झाली होती आणि तिला रडूही येत होतं.

"तू जमिनीवर मरून पडली असतीस," ती म्हणाली. "दाराला खराटा असता तर विल्होसुद्धा आत आला नसता."

"धूर नव्हता ना."

"डोंबलाचा धूर!"

त्या रात्री दोघी एकाच घरात दोन खोल्यांत जाग्या राहिल्या. सकाळच्या बोटीने ऐला गेली.

---

फेब्रुवारीत समुद्र गोठला आणि मुख्य भूमीपासून बेटापर्यंत बर्फावर गाडीचा रस्ता आखला गेला. ऐला आपली गाडी घेऊन आली. पट्टा सोडलेला, खिडकी खाली, कारण बर्फ फुटलं तर झटकन बाहेर पडता यायला हवं. सहा किलोमीटरांत तिने एकदाही वेग कमी केला नाही. चाकांखालून बर्फ कुरकुरत होतं आणि तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: मार्चअखेरीला हा रस्ता बंद होणार.

त्यानंतर येतो तो मधला काळ. धड बर्फ नाही, धड पाणी नाही. चालावं तर बुडतो, होडी घालावी तर अडकते. तीन आठवडे, कधी पाच. माणूस अगदीच मरणाला टेकला तर हेलिकॉप्टर येतं. बाकी कोणी येत नाही, कोणी जात नाही. घरोघरी मदतीला येणारी नर्सही नाही. चार पायांची काठी घेऊन चालणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईने तो काळ एकटीने कसा काढायचा, हा प्रश्न ऐलाला झोपू देत नव्हता. डेपोत तिच्या हातून दोन वेळापत्रकं चुकली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस एका जागी बसली नाही. लाकडं फोडली, फडताळ पुसलं, पुसलेलं परत पुसलं. कोट मात्र तिने आल्याबरोबर काढून खुंटीला लावला होता, अगदी मुद्दाम, आणि आत्याने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

"वृद्धाश्रमात खोली मिळालीय," दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐलाने एका दमात सांगून टाकलं. "नदीच्या बाजूला. एक एप्रिलपर्यंत धरून ठेवतील, पुढे नाही. यादीत चाळीस जण आहेत."

आत्या वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होती. तिने तो खाल्ला. मग ऐलाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या डोळ्यांखाली काळं झालंय गं," ती म्हणाली.

"माझं सोड."

"सोडून कसं चालेल? येते मी."

ऐलाने वाद घालायची तयारी करून ठेवली होती.

"खरंच?"

"येते म्हटलं ना. पाव घे."

---

मार्चच्या एकोणतीस तारखेला गाड्यांचा रस्ता बंद होऊन चार दिवस झाले होते. आदल्या दिवशी ओस्सीने ऐलाला स्नोमोबाइलवरून बेटावर आणलं होतं, दर थोड्या अंतरावर थांबून, लोखंडी पहारीने बर्फ ठोकून बघत.

"उद्या अकराला येतो," तो म्हणाला होता. "मागे गाडा जोडतो, मेंढीची कातडी घालतो, राणीसारखी नेऊ तुझ्या आत्याला. पण उद्याच हं. परवा मी माझ्या सासूलाही नेणार नाही, आणि तिला न्यायची माझी फार इच्छा आहे."

सकाळी ऐला उठली तेव्हा आत्या तयार होऊन बसली होती. सहा वाजले होते. दाराजवळच्या बाकावर, काळा कोट, मानेपर्यंत बटणं, डोक्याला रुमाल, मांडीवर टपालाची जुनी चामडी पिशवी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

"अगं, अजून पाच तास आहेत!"

"असू देत. तयार असलेलं बरं."

ऐलाने कॉफी केली. आत्याने कप हातात घेतला, एक घोट प्यायली आणि परत घड्याळाकडे पाहिलं. कोट काढ म्हटलं तर काढेना. ऐला आवराआवर करत तिच्या समोरून येत-जात राहिली आणि दर वेळी तिला ती बाकावरची बाई दिसत राहिली. अशीच बसायचे मी इथे, पिशवी धरून, अर्धं ढुंगण बाकावर? मी अशी दिसत होते?

सामान फार नव्हतंच. दोन बॅगा, एक उशी. त्यांच्यावर आडवा ठेवलेला खराटा.

"हा कशाला?" ऐला म्हणाली. "तिथे रोज यंत्राने पुसून घेतात."

"झाडायला नाही."

"मग?"

आत्याने पिशवीचा बंद सोडला, परत लावला.

"तिथं दार असतं ना खोलीला?"

"असतं की."

"कुलूप?"

"कुलूप नाही लावू देत. दर दोन तासांनी बघायला येतात. तेच तर चांगलं आहे, आत्या. पडलीस तर लगेच कळेल."

"टकटक करतात?"

ऐलाने ती खोली पाहिली होती. बघत असतानाच दोनदा दार उघडून कोणी आत डोकावलं होतं, हसून, 'सगळं ठीक ना?' म्हणून. टकटक कोणी केली नव्हती.

"करतात बहुतेक," ती म्हणाली.

आत्याने मान हलवली. आयुष्यभर ती दारोदार हिंडली होती. खराटा दिसला की पत्रं पायरीवर दगडाखाली ठेवून मुकाट्याने माघारी फिरली होती. कोणी आत आहे का, असल्यास का लपलंय, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मग एखाद्या दिवशी आपण घरी नाही असं सांगायचं असलं," तिने विचारलं, "तर तिथली माणसं काय करतात?"

बाहेर छपरावरचं बर्फ वितळून थेंब थेंब पडत होतं. दूर उघड्या पाण्याच्या पट्ट्यात समुद्री बदकं ओरडायला लागली होती. ही बदकं परतली की बर्फाचे दिवस भरले.

"राहू दे खराटा," आत्याच म्हणाली. "गाड्यात जागा व्हायची नाही. ठेव जागेवर."

साडेदहा वाजले होते. ऐलाने कोट चढवला, खराटा उचलला आणि पुढच्या दाराने बाहेर गेली.

पायरीवर ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तळहातात दांडा गुळगुळीत लागत होता. एक एप्रिल, यादीतले चाळीस जण, डेपो, रजेचा अर्ज, सगळं एकदम डोक्यात गरगरलं. खालून, फार लांबून, स्नोमोबाइलचा आवाज येऊ लागला.

ती आत आली ती मागच्या दाराने. बूट गुडघ्यापर्यंत भिजलेले, कारण घराला वळसा घालताना पाय बर्फात रुतले होते. हात रिकामे. आत्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. मग पुढच्या बंद दाराकडे.

ऐलाने कोट काढला, खुंटीला अडकवला आणि आत्यासमोरच्या खुर्चीत बसली.

इंजिनाचा आवाज टेकाड चढून आला आणि अंगणात बंद झाला. जड बूट पायरीवर आले, एक, दोन, आणि थांबले. दोघींनी श्वास धरून ठेवला. धुराड्यातून भसाभसा धूर निघत होता, खिडकीत दोन बॅगा दिसत होत्या, बर्फावर ऐलाची ताजी पावलं घराला वळसा घालून गेली होती. ओस्सी काही आंधळा नव्हता.

तो खाकरला.

"बरं," तो मोठ्याने म्हणाला, कोणालाच नाही. "घरी कोणी नाही म्हणायचं. आता महिनाभर तरी कोणी यायचं नाही बुवा इकडे." मग बाहेर कागद खसखसला. "माझ्याकडे दोन काळे पाव होते वाटेत खायला. पायरीवर ठेवतो. कोल्ह्याने नेले तर नेले."

दगड सरकवल्याचा आवाज झाला. मग बूट उतरले, इंजिन सुरू झालं आणि उतारावरून लांब लांब जात राहिलं. ऐला कान देऊन ऐकत होती. ते ऐकू यायचं थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण घड्याळाकडे पाहिलंच नाही.

समोर आत्याची बोटं कोटाच्या वरच्या बटणाशी झटत होती. पहिलं सुटलं. दुसरं. तिसरं काजात अडकून बसलं, तशी ऐला उठली आणि उरलेली तिने सोडवली.

"कोण होतं गं बाहेर?" आत्याने विचारलं.

"काय माहीत," ऐला म्हणाली. "आपण घरी कुठे होतो?"