भासऱ्यांची वंशावळ

"मेलेल्यायले कायले उठवून राह्यला हा? निजू दे म्हणा सुखानं," तूर पाखडता पाखडता सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

'हा' म्हणजे त्यांचा थोरला लेक इंद्रभान, माझे भासरे. केनवडातली शेती गड्यांवर टाकून ते पूर्वजांच्या मागे लागले होते. जातीच्या सभेनं मोठ्या घराण्यांचं पुस्तक छापायला काढलं होतं. त्यात नाव यायचं तर वंशावळ हवी, अन् जन्ममरणाच्या तारखांना सरकारी उतारा हवा. घराणं मोठं की नाही, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. भासऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

त्यांच्या आजोबांना वाघानं खाल्लं, असं आमच्या घरात सांगतात. भासऱ्यांनी तहसिलीत अर्ज दिला, चकरा मारल्या, कारकुनाला चहा पाजला. उतारा मिळाला. मरणाचं कारण: ताप.

"अन् वाघ कुठं गेला?" भासऱ्यांनी विचारलं.

"वाघ लिहिला की चौकशी येते, पाटील," कारकून म्हणाला. "ताप लिहिला की येत नाही. त्या साली अख्खं गाव तापानंच मेलंय."

वाघ चढवून घ्यायला त्यांनी दुसरा अर्ज टाकला, अन् लगे हात आईबापाच्या लग्नाचा उतारा मागितला. कारकून हसला. "सरकार जन्म लिहितं, मरण लिहितं. लग्न तुमचं तुम्हाला ठाऊक."

मग काय, भासरे दौत-लेखणी घेऊन ओसरीवर आईसमोरच बसले.

त्याच सकाळी आसेगावचे पुंजाजी आलेले. त्यांचा भाचा रामकिसन बिजवर, पोटापुरती शेती, स्वभावानं गरीब. भासऱ्यांच्या लेकीचा, रुख्मिणीचा नवरा लग्नाच्या वर्षातच गेला होता. रामकिसनला तिच्याशी पाट लावायचा होता. विधवेचं दुसरं लग्न आमच्याकडे असंच लागतं, अंधार पडल्यावर, ना मांडव ना वाजंत्री. रुख्मिणी मला चुलीपाशी म्हणाली होती, "काकू, मले जायचं हाय. बाबा नाई म्हनले त मी जलमभर इथंच."

"मानूस चांगला हाय तुमचा," भासरे पुंजाजींना म्हणाले. "पन आमच्या कुळात पाट नाई. पुस्तकातबी तसंच लिहून राह्यलो."

"अस्सं?" पुंजाजींनी सासूबाईंकडे पाहिलं, अन् घाईघाईनं सुपारी शोधू लागले. पंचक्रोशीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांची सुपारी भासऱ्यांसमोर जुनी गोष्ट निघाली की अशीच हरवायची.

"माय, तुह्या लग्नात वाजंत्री कुठची होती?"

"आठवत नाई."

"मांडव केवढा?"

"नाई आठवत, बापा."

"पंगत त लिहाच लागते. हजार पानं लिहू?"

"लिही. जेवलं नाई म्हून भांडाले कोन येते?"

दाराआड रुख्मिणीनं माझा पदर मुठीत घट्ट धरला. पुंजाजी पागोटं सावरत उठले. "येतो मंग. जबाब समजला."

ते पायरी उतरणार, तोच सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"बसा, पुंजाजी. इंद्रभान, लेखणी ठेव खाली. मी तुह्या बापाच्या घरी पाटानं आली."