दुसरी बाटली

सन १९५२, मार्च महिन्यातला पहिला गुरुवार, सकाळचे नऊ. आयोवा राज्यातील केलम गावचे कृषी महाविद्यालय, तिसऱ्या मजल्यावरची पोषणशास्त्राची प्रयोगशाळा. तिथली सहायक व्हर्ना हॅल्वर्सन हिने प्रकाशाचा कल मोजणाऱ्या यंत्राची नळी द्रावणाने भरली, भिंगाला डोळा लावला आणि चकती फिरवली. काटा शून्यावर थांबला. तिने नळी धुतली, नवे द्रावण भरले, पुन्हा पाहिले. शून्यच.

प्रयोग संपून दहा दिवस झाले होते. उरलेली रसायने कपाटात ठेवण्यापूर्वी ती एकेक तपासत होती. ही व्हॅलीनची दुसरी बाटली होती. व्हॅलीन हे अमिनो आम्ल दोन घडणींत सापडते. अणू तेच, बांधणी मात्र एकमेकींची आरशातली प्रतिमा, डाव्या-उजव्या हातांसारखी. शरीर त्यांतली एकच वापरते, आणि ती अन्नातूनच मिळवावी लागते. ती निव्वळ असेल तर प्रकाश एका अंगाला कलतो. दोन्ही निम्म्या-निम्म्या असतील तर मुळीच कलत नाही. याचा अर्थ, या बाटलीतली निम्मी भुकटी क्लेटनच्या शरीराला खडूइतकीच उपयोगी होती.

क्लेटन रुडिसिल हा तिथला संशोधक विद्यार्थी. सव्वीस दिवस तो व्हर्नाने भाजलेल्या वड्यांवर राहिला होता : स्टार्च, साखर, लोणी आणि तोलून घातलेली अमिनो आम्ले, बाकी काही नाही. तेराव्या दिवशी त्यांतून आर्जिनीन वगळले. आर्जिनीन शरीर स्वतःच बनवते, सबब ते अनावश्यक वर्गातले, असा सर्वत्र समज. प्राध्यापक एल्डन ट्रस्कॉट मात्र बारा वर्षे एकटे भांडत होते की ते आवश्यकच आहे. आणि क्लेटन खरोखरच ढासळला. त्याचे वजन सात पौंडांनी उतरले. सव्विसाव्या दिवशी तो जिन्यात कोसळला, म्हणून आर्जिनीन परत घालून पाहण्याचे राहूनच गेले.

दुसरी बाटली त्याच तेराव्या दिवशी उघडली होती.

बाटलीवर व्हर्नाच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती : नाव, तारीख. तिने ती नखाने सोलली. खाली कारखान्याची छापील चिठ्ठी होती आणि तीवर दोन्ही घडणींची खूण स्वच्छ दिसत होती.

“बाई, बघा, अंडं!” क्लेटन दारातूनच ओरडला. त्याच्या हातात सोललेले उकडलेले अंडे होते. “आजचं चौथं. तुमच्या वड्या आमच्या गावच्या डुकरांनीसुद्धा हुंगून सोडल्या असत्या.”

“तू तर खाल्ल्यास.”

“मी डुकराहून शहाणा थोडाच आहे? पण जूनमध्ये पदवी, जुलैत लग्न. सासूबाईंनी चर्चचा हॉलही ठरवून टाकला. मी पुन्हा वाळलो तर नवरीला नुसत्या कोटाशीच लग्न लावावं लागेल.” तो थांबला. “तुम्हाला काय झालं?”

“काही नाही. मीठ लावून खा,” असे म्हणून व्हर्नाने सोललेली चिठ्ठी मुठीत घेतली.

ट्रस्कॉट आपल्या खोलीत या प्रयोगावरचा टंकलिखित निबंध तपासत होते. तक्त्यात आर्जिनीन आवश्यकांच्या रांगेत येऊन बसले होते.

“डॉक्टर, व्हॅलीनची दुसरी बाटली मिश्र निघाली. मी ती न तपासता वापरली.”

“का?”

“तेराव्या दिवशी बर्फामुळे माल उशिरा आला. तुम्ही म्हणालात, आजच सुरू करा, तपासणी मागाहून.”

ट्रस्कॉटांनी लेखणीला टोपण लावले.

“यंत्र जुनं झालंय.”

“पहिल्या बाटलीला बरोबर दाखवतंय. आताच पाहिलं. पोरगा ढासळला तो व्हॅलीन निम्मं पडलं म्हणून. आर्जिनीनचं यातून काहीच कळत नाही.”

“त्याला सांगितलंत?”

“नाही.”

“त्याला आणखी सव्वीस दिवस त्या वड्यांवर बसवायचंय तुम्हाला? या अवस्थेत?”

 व्हर्नाने मूठ उघडून आपल्या अक्षरातली चुरगळलेली चिठ्ठी निबंधावर ठेवली. “नका बसवू. पण मग हे छापूही नका.”

ट्रस्कॉटांनी चिठ्ठी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि टोपलीत टाकली. नंतर शेवटचे पान तिच्याकडे फिरवले. तळाशी एक ओळ होती : सर्व पदार्थांची तपासणी व वजने श्रीमती व्हर्ना हॅल्वर्सन यांनी केली, त्यांच्या अचूकतेबद्दल लेखक ऋणी आहे. सोळा वर्षांत तिचे नाव असे प्रथमच कागदावर आले होते.

“हे नाव काढा,” ती म्हणाली.

“ते कसं काढू?” ट्रस्कॉट सौम्यपणे म्हणाले. “माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तुमच्या तराजूवर सगळे ठेवतात. सोळा वर्षांत तुमच्या हातून एकही चूक झालेली नाही, बाई. याही वेळी झालेली नाही.”